देव्हाऱ्यातली काडतुसं

भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या, की दौलतरावांच्या वावरात रानडुकरं न बोलावता पंगतीला यायची. चाकणच्या अंगाला उरलेलं तेवढंच वावर. एकीकडे कंपनीची भिंत, दुसरीकडे ओढ्याची उंच दरड, मधे हिरवं लुगडं वाळत टाकल्यागत पीक. निम्मं लुगडं डुकरांनी फाडलं होतं. यंदा वनखात्यानं एक डुक्कर मारायची परवानगी दिली.

बंदूक घरचीच. मुठीखालचा दांडा खाली ओढून वर केला, की पुढचं काडतूस आपसूक वर येणारी, दौलतरावांच्या वडिलांची रायफल. दौलतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा लायसन सुनेच्या नावावर झालं. मुलगा रणजीत फटाक्यालाही कान झाकायचा. विजयश्रीनं कॉलेजात एनसीसीत नेम धरलेला.

सासरा-सून पुण्यातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. विजयश्रीचा हात टोकदार गोळीच्या खोक्याकडे गेला.

"ती नको, ताई," दुकानदार म्हणाला. "तुमच्या रायफलीला खाली दुसरी नळी आहे, तिच्यात काडतुसं एकामागं एक बसतात. टोक पुढच्याच्या बुडातल्या टिकलीला टेकतं. धक्का बसला, तर नळीतच उडायचं."

मग त्यानं बोथट गोळ्यांची दोन खोकी मांडली. एक कडक कवचाची, आरपार जाणारी. दुसरी मऊ शिशाच्या तोंडाची, अंगातच फुलून राहणारी.

"आरपार गेली तर पुढं कुठवर जाईल?" तिनं विचारलं.

"थांबवणारं काही नसलं, तर लांब."

तिच्या डोळ्यांपुढे भिंतीपलीकडची पायवाट आली. शिफ्ट सुटली की डबे हलवत जाणारी पोरं-पोरी. "मऊ तोंडाची द्या."

एवढ्यात दौलतरावांनी रुमालाची गाठ सोडली. आत पाच जुनी काडतुसं, हळद-कुंकवानं माखलेली.

"इकत कशाला घ्यायची? ही देवातली हायेत. माज्या बापानं ठेवल्याली. दर खंडेनवमीला हळद-कुंकू, वर दुधाचा थेंब. येक बी साल पूजा चुकली न्हाई."

दुकानदारानं एक काडतूस उजेडात धरलं. बूड हिरवं पडलेलं, कडेला दुधाचा पापुद्रा. "आजोबा, पूजा चुकली नाही, तिथंच घोळ झाला. ही आता उडतील की नाही सांगता येत नाही. अडकली, तर ताईंच्याच तोंडाशी फुटायची."

दौलतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजी बापाची बंदूक, अन् काडतुसं परक्याची. मग ऱ्हाऊ द्या. डुकरं खातील तर खाऊ द्या."

विजयश्रीनं रायफल त्यांच्या शब्दाबाहेर कधी उचलली नसती. ती हळूच म्हणाली, "आबा, खंडोबाला सोडलेल्या घोड्याला आपण नांगराला धरतो का?"

"न्हाई."

"मग यांना कशाला जुंपायचं? लई वर्सं मान घेतला त्यांनी. आता सुटू द्या."

म्हाताऱ्यानं मिशी कुरवाळली. मग त्यानं रुमाल दुकानदारापुढे सरकवला. "रीतसर मोकळं करा त्यास्नी. आन् हिला हिची बोथटी द्या."

दुसऱ्या दिवशी फटफटायला दोघं बांधावर बसली. डुक्कर आलं, ते नेमकं भिंतीपुढं उभं राहिलं.

"मार की," दौलतराव पुटपुटले.

"मागं भिंत हाय, आबा. तिच्यापलीकडं माणसं."

"डोळं माजं गेलं, का तुजं?"

"थांबा वो."

डुक्कर शेंगा उकरत उकरत दरडीकडे वळलं. आता त्याच्या मागं नुसती माती. एकच बार झाला. गोळी डुकरातच राहिली. दरडीची माती जागची हलली नाही. वनरक्षक आला, पंचनामा झाला, डुक्कर पुरलं गेलं.

बार झाल्याबरोबर दौलतरावांनी गवतात चाचपून काडतुसाची रिकामी पुंगळी उचलली होती. अजून ऊन होती ती. तळहातावर धरून, बाळाचं अंग पाहावं तशी त्यांनी फिरवली आणि खिशात ठेवली.

खंडेनवमीला दौलतरावांची बायको सरूबाई देव्हारा पुसत ओवी म्हणत होती:

*बांधावर उभी, सून माझी गुणाची,*
*नजर पिकावर, काळजी माणसांची.*

पाच काडतुसांच्या जागी दौलतरावांनी एकटी पुंगळी उभी केली, कुंकू लावलं आणि दुधाची वाटी उचलून एका थेंबाच्या सवयीनं थबकले.

"थांबला का?" सरूबाई म्हणाली. "आता रिकामीच हाय ती, वता की भांडंभर."

त्यांनी पुंगळी काठोकाठ भरली.