तेवीस पिवळे टी-शर्ट

शुक्रवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये एक भयंकर संकट ओढवलं होतं. मराठी मंडळाचा उन्हाळी हाइक सिएराच्या डोंगरातल्या तळ्यांपर्यंत जायचा होता. तिथे एका ग्रुपमध्ये बारापेक्षा जास्त माणसांना बंदी. आणि नावं आली होती तेवीस.

आता अकरा जणांना ‘जागा भरली’ म्हणायचं? छे. एवढा वाईटपणा घेईल तो अध्यक्ष कसला! आणि अध्यक्ष होते गिरीश प्रधान, म्हणजे अनयाचे बाबा.

“सोपं आहे,” बाबा लॅपटॉप मिटत म्हणाले. “बारा आणि अकरा, दोन ग्रुप दाखवायचे. मध्ये अर्ध्या तासाचं अंतर. वर गेल्यावर भेटायचं, योगायोगाने.”

“म्हणजे खोटं बोलायचं,” अनया म्हणाली.

“जरा प्रॅक्टिकल व्हायला शिक, बाळा.”

अनया सोळा वर्षांची. त्याच डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या शाळकरी मुलांच्या तुकडीत तिची निवड झाली होती, सोमवारपासून काम सुरू होतं. ‘इथले सगळे नियम पाळीन’ असं तिने फॉर्मवर लिहून दिलं होतं. खाली पालक म्हणून बाबांची सही होती. अर्थात न वाचता केलेली.

शनिवारी सकाळी पायवाटेच्या तोंडाशी संध्याकाकूंनी सगळ्यांना टी-शर्ट वाटले. तेवीसच्या तेवीस हळदी रंगाचे, छातीवर मंडळाचं नाव. एकमेकांना न ओळखणारे दोन ग्रुप, एकाच पोशाखात! आणि हीच माणसं दिवसभर बसून चिप डिझाइन करतात बरं का.

चढावर शैलेंद्रकाकांनी भारतातल्या लोकांना सिव्हिक सेन्स कसा नाही, यावर दोन मैल भाषण दिलं. धाप लागली तेव्हाच थांबले.

पहिलं तळं आलं. निळंशार पाणी, पलीकडच्या काठाला बर्फाची पट्टी, अलीकडे ओलं गवत आणि नखाएवढी जांभळी फुलं. बरोब्बर त्या फुलांवर मंडळाने चादरी अंथरल्या. डबे उघडले. योगायोग जेवायला बसला.

तेवढ्यात वनखात्याची रेंजर आली. तरुण बाई, डोक्यावर मोठ्या काठाची हॅट. “तुम्ही सगळे एकत्र आलात?” तिने इंग्रजीत विचारलं.

“नो, नो,” बाबा हसले. “दोन वेगळे ग्रुप. इथेच भेट झाली.”

“थालीपीठ घ्या ना,” संध्याकाकूंनीही इंग्रजीतच म्हणत प्रेमाने डबा पुढे केला. “तेवीस जणांचं केलंय मी, भरपूर आहे.”

रेंजर हसली नाही. तिची नजर अनयावर थांबली. “तू आमच्या तुकडीतली ना? इंटरव्ह्यूला भेटलो होतो आपण. तूच सांग, तुमच्या ग्रुपमध्ये किती जण?”

बाबांनी अनयाकडे पाहिलं. नको असलेला फोन आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणताना पाहायचे, अगदी तसंच.

“तेवीस,” अनया म्हणाली. “कालच ठरलं होतं.”

अकरा जणांनी इथूनच परत फिरायचं, असं सांगून रेंजर पलीकडच्या खडकापाशी जाऊन थांबली. आणि मंडळ अनयावर तुटून पडलं.

“काय गं, बापाची अशी शोभा करतात?” शैलेंद्रकाका म्हणाले. “एवढंसं खोटं. कोणाचं काय जात होतं?”

वसुधामावशी उठल्या. निवृत्त डॉक्टर, सत्तरीच्या, ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठ्या. त्यांनी आपली चादर उचलली. खाली गवत चिखलात चेपलं होतं.

“हे जात होतं. बर्फ वितळल्यावर जेमतेम दोन महिने मिळतात याला वाढायला. शैलेंद्र, सकाळपासून तू रांग मोडणाऱ्यांना नावं ठेवतोयस. आपण काय केलं? तीच रांग मोडली, फक्त एक्सेल शीट करून. आणि गिरीश, तुला लोकांना नाही म्हणवेना, म्हणून तू लेकीला खोटं बोलायला लावत होतास. तिचं सोमवारचं काम गेलं असतं.”

“ते का जाईल?”

“फॉर्मवर तू सही केलीस, बाबा,” अनया म्हणाली.

बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. मग उठून रेंजरकडे गेले. “मी खोटं बोललो. सॉरी. परत जाणाऱ्यांत पहिलं नाव माझं.”

दुसरं अनयाने आपलं दिलं. उरलेली नऊ नावं गोळा व्हायला मात्र अर्धा तास लागला. आता कोणालाच प्रॅक्टिकल व्हायचं नव्हतं.

“वरचं तळं राहिलं तुझं,” उतरताना बाबा म्हणाले.

“सोमवारी बघेन. फावडं घेऊन.”

ऑगस्टच्या हाइकची यादी बारावर बंद झाली. तेरावं नाव अध्यक्षांचं होतं. ते त्यांनी स्वतःच खोडलं.

मंडळी, नियमातून पळवाट काढायला फार हुशारी लागत नाही, ती आपल्याकडे पोतंभर आहे. आपल्याच माणसांना तोंडावर ‘जागा भरली’ म्हणायला मात्र हिंमत लागते. ती नसेल, तर दुसऱ्या कोणाच्याही सिव्हिक सेन्सबद्दल कृपया बोलू नका. आणि बोलायचंच असेल, तर निदान टी-शर्ट वेगवेगळे घाला.