मुळ्याविना किमची

त्या घरात उन्हाळ्यापासून मुळा शिजला नव्हता. सारात बटाटा, माशाच्या रश्श्यात बटाटा. तेसॉक जेवताना रोज कुरकुरायचा आणि त्याची आई, चॉनऑकबाई, "बाजारात चांगला येत नाही" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्याची बायको मिरान हिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला घोर होता तो पोटातल्या बाळाचा.

पाचवा महिना लागला होता. तिळाएवढं होतं ते बोराएवढं झालं, मग बोटं फुटली, नखं आली. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कान तयार होतायत. आता बोलत जा त्याच्याशी." तेसॉक लगेच म्हणाला, "मग हाक मारायला पोटातलं नाव नको का, जन्मेपर्यंतचं लाडाचं?" मिराननं विषय झटकून टाकला. मागच्या खेपेला हौसेनं नाव ठेवलं होतं आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं होतं.

शिवाय यंदा कुणाला स्वप्नही पडलं नव्हतं. मूल राहिलं की घरातल्या कुणाला तरी त्याचं स्वप्न पडतंच; फळाच्या नाहीतर प्राण्याच्या रूपात ते दिसतं. मागे सासूबाईंना सोनेरी मासा दिसला होता आणि त्यांनी तो अख्ख्या बाजाराला ऐकवला होता. या खेपेला मात्र अवाक्षर नाही, पोटाकडे बघणंसुद्धा नाही. म्हातारीनं आशा सोडलीय, असं मिराननं मनाशी धरलं होतं. ते तिला फार लागलं होतं.

थंडीच्या तोंडावर वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखटजाळ लोणचं, घालायचा दिवस आला. अंगणात मिठात मुरलेल्या कोबीची रास आणि मदतीला शेजारच्या पिल्सुनकाकू. येताना त्या टोपलीभर मुळे घेऊन आल्या होत्या.

"ताई, घ्या सुरी," त्या चॉनऑकबाईंना म्हणाल्या. "मुळा चिरा मसाल्यात घालायला."

"नको. यंदा मुळा नकोच."

"मुळ्याशिवाय किमची? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

काकू कुठल्या ऐकतायत. त्यांनी एक गलेलठ्ठ मुळा उचलून त्याला सुरी टेकवली, तोच चॉनऑकबाईंनी झडप घालून तो हिसकावला आणि छातीशी धरला.

"डोकं फिरलं का तुमचं, ताई?"

मिरानच्या हातातला कोबी हातातच राहिला.

"आई, उन्हाळ्यापासून घरात मुळा का नाही?"

"स्वप्नात उपटला होता मी," त्या मुळ्याकडे बघत म्हणाल्या. "असाच, पांढराशुभ्र. ओच्यात घालून घरी आणला. मागच्या वेळी तो मासा गावभर सांगत सुटले, आणि त्याच आठवड्यात माशाचं कालवण केलं. या हातांनी. या वेळी म्हटलं, तोंडही उघडायचं नाही आणि सुरीही लावायची नाही."

मिरानला हसू आलं आणि रडूही आलं. इतके महिने ही बाई एकटीच ते ओझं वाहत होती.

"आई, ते कुणामुळेच गेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना?"

"त्यांना काय कळतंय," चॉनऑकबाई म्हणाल्या, पण लालभडक तिखटाचा हात त्यांनी एप्रनला पुसपुसून पुसला आणि मिरानच्या पोटावर ठेवला. पहिल्यांदाच.

"सगळं खरं," काकू डोळे टिपत म्हणाल्या, "पण टोपलीभर मुळे आता मी परत वाहू का?"

संध्याकाळी तेसॉक आला. हात धुऊन ताजी किमची तोंडात घातली, आणि थांबला.

"आता किमचीतसुद्धा मुळा नाही? गेला तरी कुठे मुळा?"

सासूबाई मिरानकडे बघू लागल्या. मिराननं त्याचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"इथे आहे," ती म्हणाली. "मार हाक. ऐकू येतं त्याला."