कानाचा रकाना

गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दोनशे माग एकदम चालू असले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथले विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात आणि बोटांनी खुणा करतात. मुकादमी करणारा जॉबर येतोय, चुना दे, पाव्हणे आलेत, सगळं ओठांवर आणि बोटांवर चालतं. हरिबाला ऐकू येईनासं झालं ते अशा ठिकाणी, आणि म्हणूनच चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. त्याची बायको सोनाबाई तेवढी जाणून होती.

हरिबा मूळचा मंद्रूपचा. सोलापुरात गिरणीला लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आता बेचाळीसचा. चार माग एकटा सांभाळायचा. गिरणीत दरसाल डॉक्टर यायचा, छाती बघायचा, डोळे बघायचा. कान बघायचं त्याला कधी सुचलं नाही. खरी अडचण व्हायची ती गिरणीबाहेर. सुटी झाल्यावर त्याच खात्यातल्या, शेजारी राहणाऱ्या ज्ञानबाबरोबर तो चहाला जायचा, तेव्हा मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर राहत. सगळे हसले की हसायचा. भवानी पेठेतल्या खोलीत सोनाबाई बोलताना रॉकेलची चिमणी आपल्या तोंडाजवळ धरायची, म्हणजे त्याला ओठ दिसत.

अठ्ठ्याहत्तर साली गिरणीत सिद्धलिंगप्पा नावाचा इंजिनियर आला. अक्कलकोटकडचा, सत्तावीस वर्षांचा, मुंबईत शिकलेला. मागावर धागा तुटला की त्याच क्षणी विणकराला कळवणारं यंत्र बनवायचं, असं त्यानं धाकट्या शेठच्या गळी उतरवलं होतं. ट्रंकेएवढी पेटी, आत नखाएवढा परदेशी तुकडा, आणि पेटीपासून प्रत्येक मागापर्यंत वायरी. कामगार तिला कंपूटर म्हणायचे.

"नुसतं कळवून भागत नाही," सिद्धलिंगप्पा जॉबरला सांगायचा. "माणसाची पाठ असेल तर दिवा दिसत नाही. माग चालू असले तर भोंगा ऐकू येत नाही. डोळा, कान, कातडी, तिन्हींशी बोलता आलं पाहिजे यंत्राला."

म्हणून त्यानं खांबावर लाल दिवा लावला, दिव्याखाली भोंगा बसवला आणि मनगटावर बांधायचा एक चामडी पट्टा केला. पट्ट्यात बारकी मोटार होती. धागा तुटला की ती थरथरायची. यातलं कुठलं माणसाला लवकर कळतं हे तपासायला त्यानं एक चलाख विणकर मागितला. जॉबरनं हरिबाला दिला.

हरिबाच्या हातात एक बटण असायचं. दिवा, भोंगा किंवा पट्टा, काहीही झालं की बटण दाबायचं. किती वेळ लागला ते पेटी कागदाच्या पट्टीवर तीन रकान्यांत छापायची. पहिले तीन दिवस दिवा, भोंगा, पट्टा चालू करायचा खटका सिद्धलिंगप्पाच्या हातात होता. हरिबा त्याच्या अंगठ्यावर नजर ठेवून बटण दाबत राहिला. चौथ्या दिवशी सिद्धलिंगप्पानं खटका बाजूला ठेवला आणि ते काम पेटीवरच सोपवलं. त्या दिवशी कानाचा रकाना कोरा आला.

त्यानं भोंगा बदलला. मोठा आणला. तरी रकाना कोराच.

दुपारच्या सुटीत माग बंद झाले, माणसं डबे घेऊन बाहेर गेली. हरिबा मागाशीच बसून भाकरी खात होता. सिद्धलिंगप्पा पावलांचा आवाज न करता त्याच्या पाठीमागं गेला आणि भोंगा वाजवला. छपरातल्या तुळयांवरची सगळी कबुतरं फडफडत उडाली. हरिबानं घास तोंडात घातला, वर कबुतरांकडं बघितलं, मग वळून सिद्धलिंगप्पाच्या हातातल्या भोंग्याकडं बघितलं. घास त्याच्या तोंडात तसाच राहिला.

"कधीपासून?" सिद्धलिंगप्पानं विचारलं.

"चार वर्सं झाली. साहेब, पाया पडतो. कुणाला सांगू नका. काढून टाकतील की."

"नाही सांगणार."

"शपथ घ्या."

"आईची शपथ. हरिबा, तुम्हाला कळत नाही, तुम्ही किती मोलाचे आहात ते." सिद्धलिंगप्पा त्याच्या समोर उकिडवा बसला. त्याचे डोळे चमकत होते. "तुम्हाला पट्टा कळला, तर तो कुणालाही कळेल."

त्यानंतर दीड महिना दोघं रोज बरोबर होते. पट्ट्याचं जवळजवळ सगळं हरिबानंच सुचवलं. "वरल्या अंगाला कातडी मेलीया, साहेब. आतल्या अंगाला बांधा, नाडीवर." मग कुठल्या मागाचा धागा तुटला ते कळावं म्हणून पहिल्याला एक थरथर, दुसऱ्याला दोन, असं ठरलं. तेही त्याचंच. घरी गेल्यावर तो सोनाबाईचं मनगट धरून आपल्या अंगठ्यानं ते करून दाखवायचा.

"लई गुदगुल्या व्हतात," ती म्हणायची.

"गुदगुल्या न्हाईत. हाक हाय ती," हरिबा म्हणायचा. चार वर्षांत पाठीमागून त्याला कुणाची हाक पोचली नव्हती. आता पट्टा थरथरला की तो वळायचा, आणि नेमक्या मागाकडं वळायचा.

दीड महिन्यानं प्रात्यक्षिक ठरलं. साचा खात्याच्या शेजारच्या हॉलमध्ये एकच माग मांडला. धाकटे शेठ आले, मॅनेजर आला, मुंबईहून दोन पाहुणे आले. हरिबानं धुतलेला सदरा घातला होता. दिवा लागला, भोंगा वाजला, सगळ्यांनी माना डोलावल्या. हरिबाच्या मनगटावरच्या पट्ट्याकडं बघून मात्र शेठनी नाक मुरडलं.

"हे कशाला? घामानं खराब होणार, तुटणार. दिवा आणि भोंगा पुरे. पट्टा काढून टाका."

"शेठ, पट्टाच महत्त्वाचा आहे. दिवा आणि भोंगा कुणीही लावेल."

"म्हणजे कुणीही लावेल तेवढ्यात काम होतंय," शेठ म्हणाले. पाहुणे हसले. मॅनेजरनं घड्याळ बघितलं.

सिद्धलिंगप्पाचे कान लाल झाले. "एक मिनिट थांबा," तो म्हणाला.

हरिबा पाठमोरा उभा राहून माग पुसत होता. बोलणं काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. सिद्धलिंगप्पानं भोंगा वाजवला. एका पाहुण्यानं दचकून कानावर हात ठेवला. हरिबा माग पुसत राहिला. त्यानं पुन्हा वाजवला, अगदी हरिबाच्या डोक्यामागं धरून. हरिबा पुसत राहिला. मग त्यानं पट्ट्याचा खटका दाबला. हरिबा झटकन वळला आणि आता पट्ट्याची पाळी आली असं समजून सगळ्यांकडं बघून हसला.

पाहुणे खो खो हसले.

"बघितलंत?" सिद्धलिंगप्पा म्हणाला. "ठार बहिरा आहे. चार वर्षं झाली. तरी या पट्ट्यावर चार माग चालवतो."

आता सगळ्यांची तोंडं हरिबाच्या समोर होती. त्यानं सगळं वाचलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते पुसायचं कसं हेच त्याला कळत नसावं.

"चार वर्षं?" शेठनी मॅनेजरला विचारलं. "आणि आपल्याला माहीत नाही?" मग ते सिद्धलिंगप्पाकडं वळले. "बहिऱ्यासाठी पट्टा कशाला करायचा? कान असलेला माणूस ठेवला की झालं."

"पण शेठ—"

"पेटी मात्र चांगली आहे तुमची. याच्यासारखा आणखी किती जणांचा कान गेलाय, ते निघेल का तिच्यावर?"

सिद्धलिंगप्पानं पेटीवर हात ठेवला. "निघेल," तो म्हणाला.

हरिबाला त्याच दिवशी घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात साचा खात्यातले सगळे विणकर एकेक करून त्या हॉलमध्ये बसवले गेले, हातात बटण देऊन आणि एकेका कानात बोळा घालून. पेटी चालवायला सिद्धलिंगप्पाच होता. तपासणी झाली म्हणजे माणसांचंच भलं होईल, असं तो स्वतःला समजावत होता. तिसऱ्या दिवशी यादी लागली तेव्हा तिच्यात अकरा नावं होती. ज्ञानबाचं सातवं. त्याचा एकच कान गेला होता. यादीतल्या सगळ्यांना कामावरून काढलं. दिवे आणि मोठाले भोंगे मागांवर लागले, आणि राहिलेले विणकर भोंग्याचा त्रास नको म्हणून कानात कापूस घालून काम करू लागले.

अकरा जणांनी एक गोष्ट धरून ठेवली. दीड महिना साहेबाच्या मागंमागं कोण होतं? हरिबा. आपलं गेलं म्हणून दुसऱ्यांचं कुणी घालवलं? हरिबानं.

तो बहिरा आहे हे आता सगळ्या पेठेला माहीत होतं. त्यामुळं तोंडावर शिव्या द्यायची गरजच नव्हती. लोक त्याच्या पाठीमागं, हातभर अंतरावरून, मोठ्यानं बोलायचे. नळावर, दुकानात, दारासमोर. "कुत्र्यानं अकरा घरं खाल्ली." एकदा ज्ञानबा त्याच्या मागं चालत पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आईबहिणीवरून बोलत आला, आणि हरिबा पिशवीतली वांगी सांभाळत पुढं चालत राहिला. बरोबर चाललेल्या सोनाबाईनं अक्षर न् अक्षर ऐकलं. तिनं नवऱ्याला त्यातलं काही सांगितलं नाही. ज्ञानबा आपल्याशी का बोलत नाही, हे हरिबा तिला रोज विचारायचा.

दोन महिन्यांनी, दिवस मावळताना, सिद्धलिंगप्पा भवानी पेठेत आला. सोनाबाई उंबऱ्यात सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. आत हरिबा भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"हरिबा आहेत का?"

"हायती. काय काम हाय?"

"माझं चुकलं. तेवढं सांगायचं होतं त्यांना."

सोनाबाईनं विडी बांधून सुपात टाकली. "सांगा की. पर मोठ्यानं. ऐकू येत न्हाय त्यांस्नी."

"माझं चुकलं, हरिबा," तो आवाज चढवून म्हणाला.

"आणिक मोठ्यानं. काय चुकलं ते सांगा."

सिद्धलिंगप्पानं इकडं तिकडं बघितलं. दारं उघडत होती. मग तो ओरडला. "मी शपथ मोडली! तुमचं मी शेठना सांगितलं! बाकीच्यांना शोधून काढलं तेही मीच! तुम्ही कुणाचं नाव घेतलं नाही!"

समोरच्या ओट्यावर ज्ञानबा उभा होता. दारादारांत माणसं आली होती. हरिबाची पाठ जशीच्या तशी होती.

"समोर जाऊन बोलू का?" सिद्धलिंगप्पानं हळू विचारलं. "त्यांना ओठ कळतात."

"नगं," सोनाबाई म्हणाली. "त्यांच्यासाठी न्हवतंच ते. गल्लीनं ऐकलं, झालं. जावा आता."

तो गेला. महिन्याभरात गिरणीतूनही गेला. बंगळूरला चांगली जागा मिळाली असं लोक सांगायचे.

सोनाबाईनं त्या संध्याकाळी चिमणी तोंडाजवळ धरली आणि सगळं हरिबाला सांगितलं, लोक इतके दिवस पाठीमागं काय बोलत होते तेही. हरिबा तिच्या ओठांवरून सगळं समजून घेऊन म्हणाला, "मग आता ज्ञानबा बोलंल."

ज्ञानबा बोलला नाही. आधी राग होता म्हणून तो बोलत नव्हता. आता बोलायचं तर आधी चुकलो म्हणावं लागलं असतं. दोघांनाही नंतर एकाच यंत्रमाग कारखान्यात काम मिळालं, एकाच पाळीत. तिथं ज्ञानबानं मालकाला सांगून भिंतीकडं तोंड करून चालवायचे माग मागून घेतले, म्हणजे हरिबाला त्याचं तोंड दिसायला नको.