दोन डाव्या बाह्या

धाकटीनं कोटाच्या दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. दोन्ही डाव्या. कापताना समोर फोनवर एक बाई मांजराला अंघोळ घालत होती, आणि दुसऱ्या बाहीला मापाचा कागद उलटा ठेवायचा राहूनच गेला.

शेजारच्या मशीनवरून ताई चष्म्याच्या वरून बघत होती.

"सरांना दोन डावे हात आहेत का गं?"

"ताई, ते..."

"मांजर होतं की कुत्रा, तेवढं सांग."

"मांजर."

वाद्यवृंदाचे सर शनिवारी निवृत्त होणार होते, आणि शेवटच्या कार्यक्रमाला हाच कोट घालणार होते. कापड त्यांच्या बायकोनं कधीकाळी घेऊन ठेवलेलं. तसलं आता कुठं मिळायचं? उरलेल्या तुकड्यात एकच बाही बसत होती, तीही जेमतेम.

"कात्री इकडे दे," ताई म्हणाली. "यापुढे तू फक्त काजं-बटणं कर."

"एवढी बाही मला कापू दे. शनिवारच्या आत देते."

"आणि तुझं मांजर?"

धाकटीनं अस्तराचा एक तुकडा घेतला, त्यात फोन ठेवला आणि चारही बाजूंनी बारीक टाक्यांची शिवण मारून टाकली. शिवणाऱ्या माणसाला काहीही सांगा, पण स्वतःची चांगली शिवण उसवायला सांगू नका. जीव जातो.

तरी पहिल्या दिवशी तिनं तीनदा उसवली.

"चेनच लाव की त्याला," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्धी बाजू उसवली आणि तिथंच थांबली. हात नुसते शिवशिवत होते, म्हणून त्या हातांनी अख्ख्या कोटाचं अस्तर टाचून काढलं. तिसऱ्या दिवशी कागद उलटा ठेवला, खडूनं आखलं, तीनदा मोजलं आणि श्वास रोखून कात्री चालवली. ताईचं मशीन तेवढा वेळ बंद होतं.

शनिवारी सर आले. कोट अंगात चढवला, दोन्ही हात वर नेले, जणू समोर पन्नास वादक बसलेत. खांद्यावर एक चुणी पडली नाही.

"अगं, हात आपोआप वर जातायत," असं म्हणत सर ते हात हलवत दुकानभर फिरले. ताईनं चक्क टेबलावर बोटांनी ताल धरला.

"फोटो काढ की यांचा," ती म्हणाली.

धाकटीनं खण उघडला. गठ्ठ्यांमागे बघितलं, टेबलाखाली वाकली.

"काय शोधतेस?"

"फोन. इथंच कुठं तरी... काल होता का गं? की परवा?"

फोन शेवटचा हातात कधी घेतला, तिला खरंच आठवेना.

ताईनं मोठी कात्री उचलली आणि धाकटीच्या बाजूला ठेवली.

"सोमवारी दोन कोट आहेत. तूच काप."

धाकटी टेबलाखाली उगाचच आणखी थोडा वेळ शोधत राहिली. हसू काही केल्या आवरत नव्हतं.