वासाचा रकाना

"हे तू लिहिलंयस ना?" मार्लिसनं कागद प्रयोगशाळेच्या आवक खिडकीच्या काचेला टेकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे. हे इथलं."

ऑरिननं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. अक्षर त्याचंच होतं. मीच लिहिलंय, असं तो म्हणाला.

"नुसतं लिहिलंयस की खरंच हुंगलंयस?"

"दोन्ही."

मार्लिस एन्क्विस्टनं कागदाची चार घड्यांची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घालून वरून थोपटली. सत्तरीची बाई, दरवर्षी ऑक्टोबरात आपला गांजा गोठवून पिशव्यांतून इथे आणायची, अर्क काढून न्यायची आणि 'नीट चालवा यंत्र' याखेरीज फारसं काही बोलायची नाही. आज मात्र तिला राहवेना. काचेच्या भोकाला तोंड लावून तिनं सगळं सांगितलं.

यंदाची झाडं मागच्या वर्षीची नव्हती. मागच्या वर्षीपर्यंतचं वाण तिच्या भावानं, एल्डननं, तीस वर्षं जपलेलं होतं. आधी चोरून, डोंगरात. मग कायदा बदलल्यावर उघड्यावर. एल्डन दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या हिवाळ्यात शेडमधला हीटर बंद पडला आणि त्याची मूळ झाडं एका रात्रीत संपली. त्याच्या कॉफीच्या डब्यात अकरा बिया सापडल्या, चिठ्ठी नाही, काही नाही. सहा उगवल्या. एल्डनच्याच, की कुणी त्याला दिलेल्या, हे कळायला वास हा एकच मार्ग. आणि ऑगस्टपासून सप्टेंबरभर खोऱ्यात वणव्याचा धूर असा भरला होता की स्वतःच्या हाताचाही वास येत नव्हता.

म्हणून तिनं गुपचूप माल इथे पाठवला. ऑरिन सांगेल.

फुलं काढलेली झाडं अजून शेतात उभी होती, आणि आज रात्री थंडीचा पहिला कडाका पडणार होता. शेडमध्ये सहाच कुंड्यांची जागा. शेजाऱ्याची चांगली रोपं त्या जागेसाठी थांबून होती.

"तू दुसरं काही लिहिलं असतंस ना, तर दुपारीच उपटून टाकली असती," ती म्हणाली. "आता कुंड्या भरते. चार वाजता बरणी न्यायला येते."



नग १८८. मार्लिस एन्क्विस्ट. शंभराला चार. वास: संत्र्याची साल, डिझेल, मागून मिरी.

नग २६१. मार्लिस एन्क्विस्ट. शंभराला चार. वास: तोच. मिरी जरा जास्त, उन्हाळा कडक होता.

नग ३४७. मार्लिस एन्क्विस्ट. शंभराला साडेपाच. वास: संत्र्याची साल, डिझेल, मागून मिरी.

ऑरिनच्या वहीतली ही तिसरी नोंद पहिलीवरून उतरवलेली आहे. शब्दन् शब्द.



नोंदवहीच्या सरकारी नमुन्यात वासाचा रकाना नसतो. तो ऑरिननं पट्टी घेऊन आखला होता, इथे लागला त्याच आठवड्यात. त्याआधी सव्वीस वर्षं तो प्लायवूडच्या गिरणीत होता. ओंडका कुठल्या डोंगरावरचा आहे हे तो साल निघायच्या आत वासावरून सांगायचा, आणि लोक पैजा हरायचे. गिरणी बंद पडली. बायको तिच्या बहिणीकडे आयडाहोला गेली ती तिकडेच राहिली. ऑरिन टॅकेट म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही असलंच तर ते नाकच.

इथलं काम त्याला जमलं. गार, पातळ झालेला गॅस गोठलेल्या फुलांमधून न्यायचा, तो राळ घेऊन खाली उतरतो. मग गॅस परत ओढून घ्यायचा, खाली उरतं ते मधासारखं. बंद नळ्या, बंद टाक्या. शेवटी थाळीतला एक थेंब चमच्यावर घ्यायचा, तळहाताखाली ऊब द्यायची, नाकाशी धरायचा. आधी वास लिहायचा, मग वजन. हा क्रम त्यानं कुणाला मोडू दिला नाही. केंड्रा वॉस, प्रयोगशाळेची व्यवस्थापक, वयानं त्याच्या मुलीसारखी, त्याला 'नाकोबा' म्हणायची. गिऱ्हाइकंही म्हणायला लागली.

नाकोबाला विचारा.

नाकोबा काय म्हणतो?



जानेवारीत त्याला ताप आला. सहा दिवस तो आपल्या ट्रेलरच्या घरात पडून होता, सातव्या दिवशी कामावर आला.

त्याच आठवड्यात त्याच्या कुत्र्यावर स्कंकनं, त्या उग्र वासाच्या रानप्राण्यानं, फवारा मारला. कुत्रा रात्रभर त्याच्या पायाशी झोपला. सकाळी ऑरिननं त्याला थोपटलं, खायला घातलं आणि तोच कोट चढवून कामावर आला. स्कंक आणि गांजा यांच्या वासात फारसा फरक नसतो. केंड्रा जाताजाता म्हणाली की आज कुणाचा तरी माल जबरदस्त आलेला दिसतोय. संध्याकाळी किराण्याच्या दुकानातल्या बाईनं त्याला नम्रपणे बाहेर उभं राहायला सांगितलं आणि सामान बाहेर आणून दिलं. तेव्हा त्याला कळलं.

घरी गेल्यावर त्यानं कॉफीचा डबा उघडून नाक आत घातलं. मग व्हिनेगर. मग कुत्रा.



त्यानं कुणाला सांगितलं नाही. यात धोका कुणालाच नव्हता, असं त्यानं स्वतःला पटवलं: इथल्या शुद्ध गॅसला मुळात वासच नसतो, गळती सांगायला भिंतीवर यंत्र आहे, नाकाचा तिथे उपयोग नाही. उरला रकाना. रोजची गिऱ्हाइकं, रोजची वाणं. जुनी पानं उलटायची आणि उतरवायचं.

आणि उतारा, म्हणजे शंभर भाग फुलांमागे निघणारा अर्क, वाढायला लागला.

शंभराला चारचे साडेचार झाले. एप्रिलात पाच. पूर्वी तो थोडं मागे सोडून द्यायचा. शेवटचं पिळून काढायला गेलं की पाल्याचं हिरवं आणि मेण खाली उतरतं, आणि ते साफ करायला जास्त तापवलं की वास उडून जातो. कुठे थांबायचं ते नाक सांगायचं. आता सांगणारं कुणी नव्हतं. तराजू होता, आणि तराजू कधीच पुरे म्हणत नाही. केंड्रानं त्याचा आलेख काढून चहाच्या खोलीतल्या फ्रिजवर लावला. खोऱ्यातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं फोन करून विचारलं की तुमचा म्हातारा करतो तरी काय. काही नाही, असं ऑरिननं कळवलं.

ते खरं होतं.



त्या सकाळी मार्लिस गेल्यावर तो शीतपेटीपाशी गेला, नग ३४७ ची बरणी काढली आणि चमच्यावर थेंब घेऊन चहाच्या खोलीत आला. केंड्रा नूडल्स खात होती.

"हे जरा हुंगून बघ."

"मी कशाला? नाकोबा तुम्ही."

त्यानं चमचा मागे घेतला नाही. तिनं काटा ठेवला, वाकली, हुंगलं. परत हुंगलं.

"कसला वास यायला हवाय?"

"तू सांग."

"ओला पुठ्ठा? उकडलेला कोबी?" मग त्याचं तोंड बघून ती समजुतीनं म्हणाली, "जाऊ द्या ना, वाफ ओढायच्या नळ्यांत भरताना वरून संत्र्याचा अर्क घालतातच."

"मला येत नाही," ऑरिन म्हणाला. "वास. जानेवारीपासून."

केंड्राची नजर फ्रिजवर गेली. आलेख जानेवारीत वर वळत होता. तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच तिनं ते गिळलं.

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुत्र्याला सांगितलं होतं."

नंतर ती बराच वेळ बोलली, आणि आवाज न चढवता बोलली. नऊ महिन्यांच्या नोंदी खोट्या निघाल्या. परवाना तिच्या नावावर होता. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावं लागणार होतं. सोमवारपासून त्यानं लेबलं लावायला बसावं, यंत्रावर ती दुसरं कुणी बघेल. बोलताना ती नूडल्सच्या डब्याचं झाकण लावत होती, ते बसत नव्हतं. ऑरिननं सगळं ऐकलं आणि मान्य केलं. मग त्यानं एकच मागितलं. मार्लिसच्या दोन पिशव्या फ्रीजरमध्ये शिल्लक होत्या. आजचा दिवस यंत्र त्याच्याकडे असू द्यावं.

केंड्रानं घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते.

"करा," ती म्हणाली. "पण बाजूला मी उभी राहणार."



थांबायचं कुठे?

काचेच्या छोट्या खिडकीतून राळ उतरताना दिसत होती, पिवळी, मग जास्त पिवळी. पूर्वी या वेळेपर्यंत काल-परवाच्या थेंबांचा वास त्याच्या डोक्यात तयार असायचा आणि हात आपोआप झडपेकडे जायचा. आज हात मांडीवर होता. त्यानं वही उघडली. नग १८८: कधी सुरू केलं, कधी बंद केलं, किती गार, किती वेळ. सगळं तिथे होतं, दोन वर्षांपूर्वीच्या त्याच्याच अक्षरात, त्या माणसाच्या, ज्याला कळत होतं.

याही वेळी त्यानं १८८ वरूनच उतरवलं. फक्त वास सोडून सगळं.

झडप बंद केली तेव्हा केंड्रा म्हणाली, अजून उतरतंय की. तो म्हणाला, उतरू दे.

नग ३५२. मार्लिस एन्क्विस्ट. शंभराला साडेतीन. वास:



चारला पाच मिनिटं असताना मार्लिसचा पिकअप आवारात शिरला. मागे मातीनं अर्ध्या भरलेल्या सहा कुंड्या आणि रिकामी पोती होती. ऑरिन बाहेर गेला, तिच्या खिडकीपाशी उभा राहिला आणि तिला इंजिन बंद करूही न देता सांगून टाकलं. नाक गेलंय. ते शब्द जुन्या पानावरचे आहेत. तुझ्या झाडाला मी हुंगलेलंच नाही.

मार्लिसनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"म्हणजे मी सकाळपासून वेड्यासारखी माती वाहतेय, ती तुझ्या जुन्या वहीवरून?"

"हो."

"एल्डन तुला देवासारखा मानायचा. माझ्याशी पैज लावायचा तुझ्या नाकावर."

"माहितेय."

"नालायक आहेस तू."

"हो," ऑरिन म्हणाला आणि चमचा तिच्यापुढे धरला. "हे आज काढलंय. जुन्या पद्धतीनं. मी काही सांगत नाही. तूच बघ."

तिनं चमचा घेतला तो रागानंच. त्यावर तळहात धरून ऊब दिली, डोळे मिटले. इंजिन तसंच धडधडत होतं. डोंगरामागे ऊन सरकत चाललं होतं आणि आवारातल्या पत्र्यांवर आताच गारठा उतरायला लागला होता. तिनं एकदा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. ऑरिननं तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. तो मागच्या कुंड्या मोजत राहिला.

"मिरी आधी येते," ती हळू म्हणाली. "तू उलटं लिहायचास नेहमी. मिरी आधी, मग डिझेल. साल सगळ्यात शेवटी."

ऑरिनचं कुंड्या मोजणं थांबलं.

"त्याच्या जॅकेटच्या कॉलरला यायचा हा. धुतलं तरी जायचा नाही." तिनं डोळे उघडले. ते भरले होते. "हाच आहे, ऑरिन. हाच आहे रे."

मग ती भराभर बोलायला लागली. अंधार पडायच्या आत सहाही झाडं काढायला हवीत, मुळांना धक्का न लावता, शेजाऱ्याला काय सांगायचं ते ती बघून घेईल, या वेळी हीटर दोन लावणार, एकाचा भरवसा नाही. बोलता बोलता तिनं चमच्याचा वास पुन्हा घेतला आणि हसली, आणि तसंच हसत हसत हात खिडकीबाहेर काढून चमचा त्याच्यापुढे केला.

"घे. बघ."

तिच्या लक्षात नव्हतं.

ऑरिननं खिडकीच्या कडेला हात टेकला, वाकला आणि खोल श्वास घेतला. गार हवा नाकातून आत गेली. वास घेणाऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ तो तसाच वाकून राहिला, मग सरळ झाला आणि मान डोलावली.