झाप्र्यानचे बूट

मित्रांनो, मी एक जुना धावण्याचा बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच आहे, लेसने माझ्याशी घट्ट बांधलेला. ही गाठ का बसली, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. गरम रबराचा वास आणि सोल दाबून चिकटवणारे हात, एवढंच. तिथून मी बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरातल्या एका दुकानात आलो आणि झाप्र्यान नावाच्या बसचालकाने मला विकत घेतलं. दिवसभर बसून त्याचं पोट सुटलं होतं. दुकानदार म्हणाला, "या बुटांनी वारा व्हाल!" झाप्र्यान वारा काही झाला नाही. पण होड्यांच्या शर्यती होतात त्या लांब कालव्याच्या काठाने तो रोज सकाळी धापा टाकत धावला. आम्ही एकही शर्यत जिंकलो नाही. एकदा मात्र एका बदकाला मागे टाकलं, आणि ते त्याने आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

घरी आलो की त्याची बायको नेद्याल्का दारातच अडवायची. "सगळा कालवा पायाला लावून आणलास! काढ ते बाहेर!" आमच्या इमारतीत सगळ्यांचेच बूट दाराबाहेर असतात. माझी जागा पायपुसण्याच्या डावीकडे होती. अंगठ्यापाशी मी फाटलो, टाच झिजली, तरी झाप्र्यानला नवे बूट नको होते.

मग एका हिवाळ्यात झाप्र्यान गेला.

तिकडची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या वस्तू चाळिसाव्या दिवशी वाटायच्या. घेणाऱ्याने हातात घेऊन म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." मग ती वस्तू गेलेल्याला वर मिळते. कोट भावाने नेला, टोपी मित्राने. मला कुणी हात लावला नाही. नेद्याल्का म्हणाली, "फाटके बूट कुणाला देऊ? आणि दिले नाहीत, तर तो वर अनवाणी फिरायचा." तिने आम्हाला पुसून पुन्हा दाराबाहेर ठेवलं. वसंत गेला, आम्ही तिथेच.

जूनमध्ये जिन्यात कागद लागला: जुने, फाटके खेळाचे बूट दान करा, दाराबाहेर ठेवा. समोरचे पेन्को आजोबा मदतीला पुढे झाले. नेद्याल्का बाजारात गेलेली. त्यांनी सगळ्या दारांसमोरचे खेळाचे बूट पोत्यात भरले, आम्हीसुद्धा त्यातच, आणि कालव्याकाठच्या मोठ्या पेटीत ओतून आले.

पुढचं मला पेटीत बसून ऐकू आलं. आधी बाजारातून परतून, पिशवीसकट पेन्कोंना घेऊन धावत आलेल्या नेद्याल्काचा आवाज.

"पेन्को, टाकताना काही म्हणालात का?"

"म्हणालो ना. म्हटलं, काय हा वास!"

"अहो, मग ते पोचले कुठे त्याला? पेटी थोडीच 'देव त्याला क्षमा करो' म्हणणार?"

पेन्को हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

पेटीपाशी बूट गोळा करणारी, विहरा नावाची धावण्याची प्रशिक्षक उभी होती, गळ्यात शिट्टी. तिने काही न विचारता बाह्या सरसावल्या. उजवा लगेच सापडला. मी सापडेना. तेव्हा आम्हाला कुणी बांधलेलं नव्हतं ना.

"एका बुटाने कसा धावेल तो?" नेद्याल्का म्हणाली.

पेन्को आजोबा कमरेपर्यंत पेटीत उतरले आणि तळातून त्यांनी मला वर काढलं. विहरा म्हणाली, "घ्या काकू. घरी न्या, तुमचेच आहेत."

नेद्याल्काने आम्हाला छातीशी धरलं. मग विचारलं, "ठेवले असते तर काय केलं असतंस यांचं?"

"भुगा. शाळेच्या धावपट्टीखाली घालतात."

"म्हणजे वरून मुलं धावणार?"

"रोज."

मग तिने आमच्या लेसची गाठ मारली, एक नाही, दोन. "घे. पण हातात घे."

विहराने शिट्टी पाठीमागे सारली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "देव त्याला क्षमा करो." पेन्को आजोबांनी टोपी काढली. मागे बूट घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनीही तेच म्हटलं. नेद्याल्काने पिशवीतले जर्दाळू काढून त्याच्या नावाने सगळ्यांना एकेक दिला.

"आता धाव म्हणावं," ती म्हणाली. "आणि पाय पुसून आत ये."

मित्रांनो, उद्या आमचा भुगा होईल. त्याचं दुःख नाही. धावपट्टी हे काही वाईट घर नव्हे. तुमचे बूट फाटले तर कचऱ्यात टाकू नका, द्या. फक्त देताना दोघांना एकत्र बांधा. आणि जमलं तर कुणाच्या तरी हातात द्या.