चौथा दोरा

आईच्या पत्र्याच्या डब्यात काळ्या लोकरीचे तीन दोरे होते. पहिल्याला दोन गाठी, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन. सुनेला दिवस गेले की आई घरच्या मेंढीची लोकर कातून दोरा वळायची, तिच्या कमरेला बांधायची आणि महिना भरला की एक गाठ मारायची. मूल पडलं की दोरा सोडून डब्यात.

चौथा दोरा मेघावहिनीच्या कमरेला होता. त्याला एक गाठ होती.

मी शहरात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, रविवारी चितेगावला घरी येते. जेवायच्या आधी आई अंगणाच्या भिंतीवर भाकरीचे तीन तुकडे ठेवायची. गेलेल्या तिघांसाठी. "मुंग्या बी शिवत नाय त्याला," ती म्हणायची. एका दुपारी मी बसून पाहिलं. मुंग्या शिवत होत्या. एक तुकडा संपायला दोन तास दहा मिनिटं लागली. तरी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला मी कधी बसले नाही.

वहिनी तर घास ताटात ठेवून मधेच उठायची. "कोण हाक मारतंय?"

"कोणी नाय," आई म्हणायची, आणि भिंतीकडेच बघायची.

त्या रविवारी वहिनी जवळ येऊन बसली. "वन्सं, तुमच्या मशिनीला इचारा ना, हे तरी राहील का?"

"मशीनला कागद लागतात. जुन्या तिन्ही फायली आणा."

"लगीच मास्तरीण झाल्या!"

फायलींत गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या होत्या. गुप्तरोगाच्या तपासणीचा कागद मात्र एकाही फायलीत नव्हता.

"हा कुठं गेला?"

आई भांडी घेऊन बाहेर जाईपर्यंत वहिनी थांबली. मग तिनं ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत तीन कागद. तिन्हींवर एकच शेरा : सौम्य पॉझिटिव्ह.

"नर्सबाई म्हणली, नवऱ्याला घेऊन ये. मी परत गेलेच नाय. तुम्ही लॅबवाल्या, तुमच्या नजरंला पडू नये म्हणून लपवले. चार वर्षं तुमच्या भावावर संशय धरला मी. लेकरं त्याच घाणीनं गेली म्हणून."

मी कागद पुन्हा वाचले. मग तिला सांगितलं, की या तपासणीत रोगाचे जंतू नसतातच. प्राण्याच्या हृदयातून काढलेली एक चरबी असते. तिच्यावर धावून जाणाऱ्या अँटीबॉडी रक्तात असल्या की तपासणी पॉझिटिव्ह येते. कधी त्या रोगामुळे येतात. कधी शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वतःच्या शरीरावर उलटते. मग बाळाला पोसणाऱ्या वारेच्या बारीक नळ्यांत रक्त गोठतं आणि बाळाला काही पोचत नाही.

"राखणीचं कुत्रं," दारातून आई म्हणाली. घासलेलं पातेलं हातात तसंच होतं. "कोकरू वळखंना झालं."

"मग मारायचं का त्याला?" वहिनीनं विचारलं.

"नाही. आवरायचं."

मी तिथंच तिचं रक्त घेतलं. गुप्तरोगाची पक्की तपासणी निगेटिव्ह आली. त्या चरबीविरुद्धच्या अँटीबॉडी चाळीसच्या आत हव्या होत्या, अडुसष्ट निघाल्या. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, पण डॉक्टर थांबले नाहीत. रक्त पातळ राहायला रोज एक गोळी आणि पोटात एक इंजेक्शन. ते रामेश्वर, माझा भाऊ, टोचायचा.

"मेंढरू नाय ती, हळू टोच," आई बजावायची. वहिनी त्याच्याकडे बघायची नाही. पण एके दिवशी तिनं त्याचा हात धरून ठेवला.

चौथी गाठ पडली त्या आठवड्यात वहिनी धड जेवलीच नाही. हात दोऱ्यावर, कान भिंतीकडे. बारा आठवड्यांनी अँटीबॉडी एकसष्ट होत्या. राखणदार तसाच जागा होता.

पाचवी गाठ मारताना दोरा पुरेना. एवढ्या लांबीचा दोरा आईला आजवर लागलाच नव्हता. तिनं लोकर काढली, बसून कातली आणि एकवीस सेंटिमीटर जोडले.

दुसऱ्या दिवशी वहिनीला सोनोग्राफीला घेऊन निघताना मी भिंत पाहिली. तुकडे तीनच होते.

सोनोग्राफी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाली. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस.